हिंगणदऱ्यात तिला पहिली म्हणायचे

“हात लावू नको. पहिली हाय ती,” आत्याबाई म्हणाली.

लग्न होऊन मला आठवडाही झाला नव्हता. सकाळी ओसरी झाडताना खांबावर ते पाखरू दिसलं. तळहाताएवढं, हिरवंगार, त्यावर गुलाबी आणि जांभळे पट्टे. माझ्या माहेरी, बोरसावळीत, असलं पाखरू दिसलं की आम्ही पोरी त्याला बोटावर चढवून घ्यायचो. दिवसा ते सुस्त असतं, हलवलं तरी उडत नाही. आमच्याकडं त्याला इरकल म्हणायचे. इरकली लुगड्यासारखं दिसतं म्हणून इरकल, त्यात दुसरं काही नव्हतं.

“पहिली म्हणजे काय, आत्याबाई?”

सासूला आमच्या भागात आत्याबाई म्हणतात. तोंडावर मी तिला अहोजाहो करायचे. मनात कधी केलं नाही, आणि आता सांगतानाही करणार नाही.

हातातली चरवी खाली ठेवताना तिच्या हातून दूध सांडलं. शेजारची कौसाबाई ताक न्यायला आली होती. तिला बोलायला निमित्तच लागायचं.

“तुमच्या गावात नाही का म्हणत? अगं, बिजवराच्या घरात येतंय ते. बाकी कुणाच्या घरात आलं तर नुसतं पाखरू. पण पहिली बायको मेली, दुसरी आली, अन् मग हे घरात येऊन बसलं, की ती पहिली. दुसरी कशी नांदायली अन् आपलं काय राहिलं, ते बघायला येती.”

“मग काय करायचं?”

“हाकलायचं नाही. घरच्या मोठीनं हळदकुंकू वाहून विचारायचं, काय राहिलं बाई तुझं. अन् दुसरीनं सांगायचं.”

“मला काय ठाऊक तिचं काय राहिलं?”

“तोंडाला येईल ते सांगायचं. दुसरीच्या तोंडून पहिलीच बोलती. अन् जे मागंल ते पाखरू उडायच्या आत द्यायचं. नाही दिलं तर घर बसतं.”

हिंगणदऱ्यात हे लहान पोरांनाही ठाऊक होतं. एखादी पाहुणी नटूनथटून आली आणि न बोलता कोपऱ्यात बसली, तर बायका तिला म्हणायच्या, पहिलीवाणी काय बसलीस, बोल की. परवा शेजारच्या पोरीनं मला मोबाईलवर त्याच पाखराचं चित्र दाखवलं आणि विचारलं, आजी, याला मराठीत काय म्हणतात? मी म्हटलं, कुठल्या गावात, ते आधी सांग. तिला वाटलं म्हातारी चेष्टा करते.

आता आमच्या घरातली पहिली कोण, ते सांगते. माझी सख्खी बहीण. मथुरा. मी तिला अक्का म्हणायचे. माझ्या लग्नाआधीच्या पावसाळ्यात ती हिंगणदऱ्याच्या विहिरीत सापडली. मी आणि माय तेव्हा मामाच्या गावी लग्नाला गेलो होतो, घरी एकटे अण्णा, माझे वडील, होते. आम्ही परत आलो तोवर सगळं उरकलं होतं. आणि आत्याबाईनं एक वाक्य गावभर पसरवलं होतं, “तिन्हीसांजेपर्यंत कुठं तरी तोंड काळं करून आली, अन् लाजेनं जीव दिला.”

कुठं गेली होती, कुणाबरोबर गेली होती, कुणी विचारलं नाही. बाईच्या बाबतीत एवढं पुरतं. आमच्या गावापर्यंत ते वाक्य आलं आणि पाणवठ्यावर बायका मायला बघून गप्प व्हायला लागल्या. माय म्हणायची, माझी पोर तशी नव्हती. अण्णा म्हणायचे, जाऊ दे, बोलून परत येणार आहे का.

वर्ष सरायच्या आत आत्याबाईनं निरोप धाडला, धाकटी द्या, हुंडा नको. माय रडायला लागली. अण्णा गप्प बसले. मीच म्हटलं, मी जाते. माझ्या मनात एकच होतं. ते वाक्य त्या बाईच्याच तोंडानं, त्याच गावातल्या बायकांपुढं मागं घ्यायला लावायचं. अक्का त्या दिवशी कुठं गेली होती हे तिला ठाऊक आहे, अशी माझी खात्री होती. ते एकदा बाहेर काढलं की पुढं माझं काय होईल, याची मला पर्वा नव्हती. लग्नात रीतीप्रमाणं पहिलीचा चांदीचा टाक, म्हणजे तिच्या नावाची छोटी प्रतिमा, माझ्या गळ्यात घातला. माझ्या बहिणीचा टाक, माझी सवत म्हणून. घालताना आत्याबाई हसत होती.

आणि त्या सकाळी खांबासमोर तीच बाई नजर वर करत नव्हती.

“विचार की गयाबाई,” कौसाबाई आत्याबाईला म्हणाली.

आत्याबाईनं लांबूनच हळदकुंकू टाकलं. “काय राहिलं बाई तुझं?”

मी काही ठरवलं नव्हतं. तोंडाला आलं ते बोलले. “माझी पेटी द्या.”

अक्काची लग्नातली पत्र्याची पेटी आत्याबाईनं आपल्या लेकीसाठी दडवून ठेवली होती, ते मला मागाहून कळलं. तिचा चेहरा पांढरा पडला. आत गेली, पेटी स्वतः ओढत आणली आणि माझ्या पायाशी ठेवली. बाईला देवाची भीती नव्हती, लोकांची तर मुळीच नव्हती. पण या पाखराची होती. मला जे पाहिजे होतं ते मिळालं, पेटीत काय होतं ते मी बघितलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, “आत्याबाई, अंगणात तगरी लावू का? देवाला रोज फुलं होतील.”

“लाव की. एवढी अक्कल तुझ्या बहिणीला नव्हती.”

लावल्या. दारात, विहिरीच्या वाटेवर, न्हाणीच्या पाण्यावर, जिथं जागा दिसेल तिथं फांद्या खोचल्या. तगर लवकर धरते. आत्याबाई शेजारणींना सांगायची, सून देवभोळी मिळाली.

तिला ठाऊक नव्हतं, तिच्या सगळ्या गावालाच ठाऊक नव्हतं, ते मला आणि अक्काला लहानपणापासून ठाऊक होतं. ते पाखरू कुठून वरून येत नाही. तगरीच्या पानावर अंडी घालतं. अळी निघते, बोटाएवढी जाड, हिरवी, मानेवर दोन निळे डोळे. बोरसावळीच्या देवळामागं तगरी होत्या. अक्का अळ्यांना पाला घालायची आणि त्या डोळ्यांना काजळ लागलंय म्हणायची. अळी भरली की तपकिरी होते, खाली उतरते, पाल्याखाली कोष करते आणि मग त्यातून इरकल निघते. हिंगणदऱ्याच्या बायका अळी दिसली की चपलेनं चिरडायच्या आणि पाखरू दिसलं की हात जोडायच्या. दोन्ही एकच, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

पुढच्या वर्षीच्या पावसात तगरी अंगभर फुटल्या आणि अळ्या आल्या. मी त्या वेचल्या. मडक्यात माती, मातीवर पाला, वर फडकं. धान्याच्या खोलीत मडक्यांची रांग लावली. कुठला कोष कधी फुटेल याचा भरवसा नसतो, म्हणून भरपूर ठेवले.

नवऱ्यानं एकदा बघितलं. त्रिंबक त्याचं नाव. आधी अक्काचा, मग माझा. घरात आईपुढं बोलायचा नाही, शेतात बैलांशी बोलायचा.

“मडक्यात काय हाय?”

“बी ठेवलंय.”

“कशाचं?”

“उगवलं की कळंल तुम्हाला.”

त्यानं परत विचारलं नाही.

श्रावण संपत आला तशी पाखरं निघायला लागली. मी पहाटे उठून त्यांना बोटावर घ्यायचे आणि बसवून यायचे. एक देवघराच्या चौकटीवर. एक आत्याबाईच्या पलंगाच्या वरच्या आढ्याला. एक तिच्या पाण्याच्या तांब्याजवळ. ते दिसलं की ती भिंतीला पाठ लावून उभी राहायची. मग हळदकुंकू, मग तेच, “काय राहिलं बाई तुझं?”

मी मान हलवायचे. “आज काही मागत नाही, आत्याबाई. नुसती बघायली.”

मागितलं असतं तर तिनं दिलं असतं आणि सुटली असती. मला तिला सोडायचं नव्हतं. तिचं जेवण तुटलं. दिवसासुद्धा एकटी आत जाईना. कौसाबाईला म्हणायली, पहिली माझ्यावर का उलटली गं, म्या काय केलं तिला. कौसाबाई म्हणाली, तूच सांग काय केलंस. हे मला कौसाबाईनंच येऊन सांगितलं, आणि त्या दिवशी मी पोटभर जेवले. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

मग महालक्ष्म्या आल्या. आमच्याकडं भादव्यात ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघी बहिणी, साड्या नेसवून, मुखवटे लावून बसवतात. दुसऱ्या दिवशी पुरणपोळीचं जेवण, आणि गावातल्या सवाष्णी पंगतीला. त्यातल्या बहुतेकींनी ते वाक्य ऐकलं होतं आणि पुढं सांगितलं होतं. मला त्याच पाहिजे होत्या.

त्या पहाटे मडक्यात एक ताजी निघाली होती, पंख नुकतेच वाळलेले. मी तिला ज्येष्ठेच्या खांद्यावर बसवली, लाल साडीवर, पदराच्या चुण्यांत. पूजा झाली, आरती झाली, कुणाला दिसली नाही. पानं मांडली. सवाष्णी बसल्या. मी वाढत होते. आत्याबाई तुपाचं भांडं घेऊन पंगतीतून फिरत होती.

आणि कौसाबाईचा हात पोळीवरच थांबला.

“गयाबाई,” ती म्हणाली, “ज्येष्ठेच्या खांद्यावर बघ.”

सगळ्याजणींनी वर बघितलं. घरच्या खांबावर बसणं वेगळं, देवीच्या अंगावर बसणं वेगळं. आत्याबाईच्या हातातलं भांडं मी काढून घेतलं, नाहीतर तिनं टाकलं असतं.

“विचारा, आत्याबाई,” मी म्हटलं.

तिचे ओठ हलले. कोणाला ऐकू आलं नाही.

“मोठ्यानं विचार,” पंगतीतून कुणी तरी म्हणालं.

“काय राहिलं बाई तुझं?”

मी ज्येष्ठेच्या बाजूला जाऊन उभी राहिले. हे वाक्य मी वर्षभर मनात घोळवलं होतं. “मी त्या दिवशी कुठं गेले होते, ते सांगा. सगळ्यांसमोर सांगा.”

आत्याबाई खाली बसली. माझ्याकडं बघत नव्हती, त्या पाखराकडं बघत होती, आणि बोलायला लागली ती त्याच्याशीच.

“दार म्या लावलं होतं. तू ठोकत होतीस, म्या उघडलं नाही. पाऊस होता. म्या म्हणलं, गेलीस तिकडंच जा.”

“कुठं गेली होती ती?” कौसाबाईनं विचारलं.

“कुठं जाती? माहेरी गेली होती. पायी. सकाळी म्या उलथनं तापवून हातावर ठेवलं होतं, ते दाखवायला गेली होती बापाला.”

पंगतीत एक बाई रडायला लागली. बापाला, म्हणाली होती आत्याबाई.

“खोटं आहे,” मी म्हटलं. “अण्णांनी कधी सांगितलं नाही.”

“तो कशाला सांगंल?” आत्याबाई पाखराकडं बघूनच बोलत होती. “उजेड हाय तवर परत जा, म्हणला तुला. तूच ओरडून सांगत होतीस दाराबाहेरून. अण्णांनी पाठवलं, आता कुठं जाऊ, म्हणत होतीस. अन् दुसऱ्या दिवशी तो आला, मला बाजूला घेतलं अन् म्हणला, ती माझ्याकडं आली होती हे कुणाला कळू देऊ नका. म्या म्हणलं, मग लोकांना काय सांगू, दिवसभर कुठं होती म्हणून? तर म्हणला, काय बी सांगा.”

तिनं कपाळ जमिनीला टेकवलं. “तू कुठं तोंड काळं केलं नव्हतंस. म्या खोटं बोलले. आता तरी जा, बाई.”

झालं. मी ज्यासाठी त्या घरात आले होते ते झालं. कौसाबाई भरल्या पानावरून उठली, हात न धुता बाहेर गेली. मागोमाग एकेक करून सगळ्या उठल्या. महालक्ष्मीच्या दिवशी सवाष्णी उपाशी उठून जाव्यात, याहून मोठी शिक्षा त्या बाईला कोणत्या कोर्टानं दिली नसती. ती जमिनीवर पडून होती आणि मला तिच्याकडं बघायचंसुद्धा राहिलं नव्हतं. वर्षभर मी चुकीच्या घरात राग पुरवून वापरला होता, असं वाटायला लागलं. चुकीच्या नाही, अर्ध्या म्हणा.

मी अंगावरच्या साडीनिशी निघाले. त्रिंबक ओसरीवर बसला होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. आजचं तर ऐकलंच होतं आणि त्या रात्रीचं ठोकणंही ऐकलं असणार, कारण माझ्याकडं न बघता तो म्हणाला, “थांब. गाडी जुंपतो.”

“तेव्हा जुंपायची होती,” मी म्हटलं.

बोरसावळी तीन कोस. ओढ्याची वाट, मग माळ, मग आमच्या गावाची वेस. अक्का हीच वाट दोनदा चालली होती, जाताना हात भाजलेला आणि येताना तसाच. मला चालताना रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. दात आवळून दुखायला लागले, एवढंच.

घरी पोचले तेव्हा ऊन कलतं होतं. आमच्याकडंही महालक्ष्म्या होत्या. पाहुणे जेवून गेले होते आणि अण्णा मागून एकटे पाटावर बसले होते. माय वाढत होती. पुरणपोळी, तिच्यावर तूप, कढी, सगळं साग्रसंगीत.

“केशर?” माय उठली. “आज कशी आलीस गं? घरची पूजा सोडून?”

अण्णांनी माझ्याकडं बघितलं, माझ्यामागं कुणी आहे का ते बघितलं.

“एकटी आलीस?” ते म्हणाले. “भांडून आली असशील. दोन घास खा अन् उजेड हाय तवर परत जा. सणाच्या दिवशी लोक बघतात.”

मी दारातच उभी होते. “अक्कालाही हेच म्हणालात का, अण्णा?”

अण्णांचा घास हातात राहिला.

“कोणत्या अक्काला?” मायनं विचारलं. “काय बोलायलीस?”

“मथुराला. मेली त्या दिवशी ती इथं आली होती, माय. सासूनं हात भाजला होता, तो घेऊन आली होती. यांनी परत पाठवलं. तिकडं तिनं दार उघडलं नाही. आणि दुसऱ्या दिवशी हे तिकडं जाऊन सांगून आले, ती माझ्याकडं आली होती हे कळू देऊ नका, लोकांना काय पाहिजे ते सांगा.”

माय अण्णांकडं वळली. मला वाटलं ती ओरडेल, कपाळ बडवून घेईल. ती अगदी हळू बोलली.

“आली होती?”

“मला काय ठाऊक ती असं करंल,” अण्णा म्हणाले. “एकदा ठेवून घेतली असती तर कायमची घरी बसली असती. मागं ही एक लग्नाची होती. मी तुमच्याच भल्यासाठी…”

“मी ते विचारलं नाही. आली होती का?”

“आली होती.”

“जेवली होती?”

अण्णांनी ताटाकडं बघितलं.

“एवढं चालून आली होती माझी पोर. जेवली होती का?”

“वेळ कुठं होता,” अण्णा म्हणाले. “अंधार पडला असता.”

माय वाकली आणि तिनं त्यांच्यापुढलं ताट उचललं. पोळी होती, तूप होतं, हातातला घास तसाच होता. ताट घेऊन ती परसात गेली आणि गाईपुढं ठेवून आली. अण्णा पाटावर तसेच बसून राहिले, उष्टा हात धरून.

हिंगणदऱ्याला मी परत गेले नाही. मला कुणी जा म्हणालंही नाही.

अण्णा त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले. माय त्याच घरात राहिली. त्यांचं धोतर धुवायची, ताप आला तर उशाशी बसायची, चारचौघांत त्यांना कधी कमी लेखलं नाही. पण त्यांना वाढलं नाही. भूक लागली की अण्णा उठायचे, चुलीपाशी जायचे, आणि आपलं आपण घेऊन जेवायचे.